बाप कोर्टात का येत नाही?

शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याकडे हिंदू-मुसलमान सगळ्यांना पाठ आहे. ज्याच्याकडे चार पैसे आहेत, ओळखीपाळखी आहेत, त्याला ती परवडत असेल. पण दिवसाच्या मजुरीवर जगणाऱ्या माणसाने हा शहाणपणा केला की काय होते, ते मी जवळून पाहिले आहे.

तो माझा जुना विद्यार्थी. आठवीत शाळा सोडून यंत्रमागावर लागला. पुढे निकाह झाला, एक मुलगी आणि एक मुलगा झाला. मग घरात कुरबुरी सुरू झाल्या. कोणाचे किती चुकले हे सांगायला मी बसलेलो नाही, आणि त्याची चूक नव्हती असेही म्हणणार नाही. एके दिवशी बायको मुलांना घेऊन माहेरी गेली, ती परत आली नाही. माहेर शेजारच्या जिल्ह्यात. पाच-सहा महिन्यांनी तिकडच्या कोर्टाचे समन्स आले. पोटगीचा अर्ज होता.

त्याने कागद मामूला दाखवला. मामू मोहल्ल्यातले जाणते. ते म्हणाले, "जाऊ नकोस. गेलास की अडकलास. न गेल्यावर काय करणार आहेत?" वकिलाकडे चौकशी केली तर आधी पाच हजार, नंतर दर तारखेला वेगळे पैसे सांगितले. तारखेला जायचे म्हणजे एक दिवसाचा खाडा, वर एसटीचे भाडे. तो गेला नाही. दुसऱ्या तारखेलाही गेला नाही.

कोर्टाने एकतर्फी हुकूम केला. बायकोला चार हजार, दोन मुलांना प्रत्येकी अडीच हजार, म्हणजे महिन्याला नऊ हजार. याची कमाई त्या वेळी चौदा हजारांच्या आसपास होती. पण हे कोर्टाला सांगणार कोण? समोरच्या बाजूने त्याचा पगार पंचवीस हजार आहे असे लिहिले होते आणि ते खोडून काढायला कोणी हजर नव्हते. सोळा महिने एक रुपयाही गेला नाही. थकबाकी झाली १ लाख ४४ हजार. मग वसुलीचा अर्ज, मग वॉरंट, आणि एका सकाळी पोलीस दारात. त्याच्या आईने कानातले गहाण ठेवून काही रक्कम भरली, तोवर त्याचे बारा दिवस तुरुंगात गेले होते.

बाहेर आल्यावर तो मला भेटायला आला. म्हणाला, "सर, आत एक माणूस यायचा, कैद्यांना विचारायचा की वकील आहे का, नसेल तर सरकार देते, फुकट. हे मला आधी कुणी सांगितलं का नाही?"

त्याचा हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. ज्या मोफत वकिलाची ओळख त्याला तुरुंगात झाली, त्या वकिलावर त्याचा हक्क समन्स हातात पडले त्या दिवसापासून होता. आपल्या मोहल्ल्यातल्या गरीब बापाला हे ठाऊक नाही. त्याची किंमत तो एकटा मोजत नाही, त्याची बायको आणि मुलेही मोजतात. त्या सोळा महिन्यांत नुकसान कोणाचे झाले? मुलांना ना पैसा मिळाला, ना बाप.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. घटनेच्या अनुच्छेद ३९अ प्रमाणे पैशाअभावी कोणी न्यायाला मुकणार नाही हे पाहणे राज्याचे काम आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हा अनुच्छेद आला. त्यावरून १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो लागू आहे. या कायद्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील कोणाला मिळेल याची यादी आहे. स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न कितीही असले तरी मिळतो. अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, आपत्तीग्रस्त आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांनाही मिळतो. आणि या कोणत्याच गटात न बसणाऱ्या पुरुषाला उत्पन्नाच्या मर्यादेत असेल तर मिळतो. महाराष्ट्रात ही मर्यादा वर्षाला ३ लाख रुपये आहे. माझ्या विद्यार्थ्याची वर्षाची कमाई पावणेदोन लाखही नव्हती.

यासाठी जायचे कुठे? प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. एक साधा अर्ज, सोबत आलेले समन्स किंवा नोटीस, ओळखीचा कागद आणि उत्पन्नाचा पुरावा द्यायचा. बरेच लोक तहसीलदाराच्या दाखल्यापाशीच अडकतात. सेतूत खेटे घालण्यात आठवडे जातात आणि तारीख निघून जाते. पण याच कायद्याच्या कलम १३ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की उत्पन्नाबद्दल माणसाने केलेले प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येईल, त्यावर अविश्वास ठेवायला काही कारण नसेल तर. म्हणून दाखला हातात नसला तरी थांबायचे नाही. अर्ज आधी टाकायचा. ज्याला जाणे जमत नाही त्याच्यासाठी १५१०० हा फोन नंबर आहे.

मिळते काय? वकील मिळतो, कोर्ट फी भरली जाते, अर्ज-जबाब लिहून मिळतात, नकलांचा खर्च होतो. या पॅनलवरच्या वकिलाने पक्षकाराकडून एक पैसा घ्यायचा नसतो. मागितला तर प्राधिकरणाकडे तक्रार करता येते, वकील बदलून मागता येतो. सगळेच पॅनल वकील मन लावून काम करतात असे मी म्हणणार नाही. त्यांना मिळणारे मानधन तुटपुंजे असते, आणि काहीजण तारखेला उगवतच नाहीत. पण वकीलच नसण्यापेक्षा, पाठपुरावा करून का होईना, वकील असलेला बरा.

कुणी म्हणेल, कौटुंबिक न्यायालयात वकील लागतच नाही. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात वकील देणे हा पक्षकाराचा हक्क मानलेला नाही, हे खरे. तिथे समुपदेशक असतात, न्यायाधीशांनी आधी समेटाचा प्रयत्न करायचा असतो. पण कागद तर भरावाच लागतो. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'रजनेश विरुद्ध नेहा' या प्रकरणात निकाल दिला. हे प्रकरण आपल्या महाराष्ट्रातलेच. त्या निकालापासून पोटगीच्या प्रत्येक दाव्यात दोन्ही बाजूंनी मिळकत, खर्च, कर्ज, मालमत्ता यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यायचे असते. पगाराची स्लिप, बँकेचा उतारा, घरभाडे, अवलंबून असलेली माणसे, सगळे त्यात येते. ज्याला आठवड्याचा पगार शनिवारी रोख मिळतो, ज्याच्याकडे कसली स्लिप नाही, त्याने हे एकट्याने कसे भरायचे? आणि हे प्रतिज्ञापत्र वेळेत दिले नाही, टाळाटाळ केली, तर कोर्ट त्याचा बचावच काढून टाकू शकते. गरीब बापाला वकिलाची गरज इथे असते. आपली खरी परिस्थिती कागदावर मांडून देणारा कोणीतरी त्याला हवा असतो.

वकील नसला की मोहल्ल्यातले सल्ले घेतले जातात. त्यातले तीन सल्ले मी वारंवार ऐकले आहेत आणि तिन्ही घातक आहेत.

पहिला, कोर्टात गेलो नाही तर केस चालत नाही. चालते. मुद्दाम गैरहजर राहणाऱ्याविरुद्ध एकतर्फी हुकूम होतो. योग्य कारण दाखवून तो रद्द करून घ्यायचा तर अर्ज तीन महिन्यांच्या आत करावा लागतो. आमच्या या पोराचे तीन महिने केव्हाच उलटून गेले होते.

दुसरा, तुरुंगात जाऊन आले की पैसे फिटले. अजिबात नाही. पूर्वीचे कलम १२५, आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतले कलम १४४, यात थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. ही कैद पैसे वसूल करण्यासाठीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे की कैद भोगल्याने थकबाकी संपत नाही. म्हणजे तुरुंगही झाला आणि देणेही उभेच राहिले.

तिसरा, ती मुले दाखवत नाही, मग मी पैसे का देऊ? हा तर रोज ऐकू येतो. पण मुलांचा खर्च आणि मुलांची भेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे अडवून भेट मिळत नाही. भेट हवी असेल तर त्यासाठी वेगळा अर्ज करायचा असतो. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली तो करता येतो. आपल्याकडे लोक हिजानतचे नियम सांगतात. हनफी मताप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे, आणि बाप वली. कोर्ट हे नियम विचारात घेते, पण शेवटी पाहते ते मुलाचे हित. आणि मुलाच्या हितात बापाची भेटही येते. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगितले की मुलाला आई आणि बाप दोघांच्याही मायेचा हक्क आहे, ताबा एकाकडे असला तर दुसऱ्याला भेट मिळाली पाहिजे, लांब असेल तर फोनवर, व्हिडिओवर बोलता आले पाहिजे. हे मागायला मात्र कोर्टातच जावे लागते.

आता एक प्रश्न मला माझ्या बहिणी विचारतील, आणि त्यांनी तो विचारावाच. ज्या बायकांना वर्षानुवर्षे पोटगी मिळत नाही, ज्यांनी शाहबानोपासून आजपर्यंत इतके सोसले, त्यांचे सोडून तुम्हाला बापांचा पुळका का आला?

मला पुळका आलेला नाही. स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, तो तसाच मिळत राहिला पाहिजे. घरातून बाहेर पडलेल्या बाईच्या हातात नवऱ्याच्या घरचे काहीच नसते, ही वस्तुस्थिती आहे. पोटगीतून सुटण्याची वाट मी कोणाला दाखवत नाही, तशी वाट नाहीही. १९९७ च्या नूर सबा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आईकडे असलेल्या अज्ञान मुलांचा खर्च मुस्लिम बापाला करावाच लागेल. १० जुलै २०२४ च्या निकालाने तलाक झालेल्या मुस्लिम स्त्रीचा कलम १२५ खालचा हक्कही पुन्हा एकदा पक्का केला. धडधाकट माणसाने मजुरी करून का होईना, पण बायकामुलांना पोसले पाहिजे, असेही न्यायालयाने सांगितलेले आहे. आणि ते बरोबरच आहे.

पण किती द्यायचे, हे बापाच्या खऱ्या कमाईवर ठरले पाहिजे. चौदा हजार कमावणाऱ्यावर नऊ हजारांचा हुकूम होतो तेव्हा तो कागदावर बाईच्या बाजूचा दिसतो. प्रत्यक्षात तिला नऊ हजारही मिळत नाहीत आणि सहाही मिळत नाहीत. तिला मिळते फक्त तारीख आणि वॉरंट. उलट बाप पहिल्या दिवसापासून हजर असता, त्याचा खरा पगार समोर आला असता, तर पाच-सहा हजारांचा असा हुकूम झाला असता जो तो दर महिन्याला पाळू शकला असता. मुलांच्या शाळेची फी त्यातून भरली गेली असती. म्हणून मी म्हणतो, बापाला मिळालेला वकील हा बाईच्या विरोधातला वकील नाही.

अर्थात एक अट आहे. मोफत वकील कमाई लपवण्यासाठी नाही. ज्याचे दुकान भावाच्या नावावर आहे आणि जो कोर्टात मजूर म्हणून उभा राहतो, त्याच्यासाठी हा लेख नाही. खोटे प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे, आणि आपल्या दीनमध्ये तर त्याहून मोठी गोष्ट. सूरह बकरामध्ये बापाने ऐपतीप्रमाणे खर्च उचलावा आणि मुलाच्या निमित्ताने ना आईला त्रास व्हावा ना बापाला, असा समतोल सांगितला आहे. आपण त्यातला आपल्या सोयीचा अर्धा भागच लक्षात ठेवतो.

दुसरी भीती मला त्या व्हॉट्सअप ग्रुपांची वाटते, जिथे दुखावलेल्या पुरुषांना गाठून रोज बायकांविरुद्ध विष पाजले जाते. 'सगळ्या केसेस खोट्या, सगळ्या बायका लुटारू.' आमचा हा पोरगा तुरुंगातून आल्यावर अशाच एका ग्रुपात सामील झाला होता. तिथे त्याला राग पुरवणारे शंभर भेटले, पण विधी सेवा समितीचा पत्ता सांगणारा एकही नाही. जिथे मदत पोचत नाही तिथे द्वेष आधी पोचतो, हे आपण ओळखले पाहिजे.

आणि आपल्या जमातीचे काय? घरातले भांडण आधी जमातीसमोर आणावे, चार वडीलधाऱ्यांनी समजूत घालावी, यात गैर काही नाही. अनेक संसार असे सावरले आहेत. पण जमात जेव्हा स्टॅम्पपेपरवर लिहून घेते की बाईने खुला घेतला, आता ती स्वतःसाठी आणि मुलांसाठी काही मागणार नाही, तेव्हा ती दोघांनाही फसवत असते. मुलाच्या खर्चाचा हक्क मुलाचा असतो. आईने सही करून तो सोडता येत नाही. बाप त्या कागदावर विसंबून राहतो, दोन वर्षांनी समन्स येते आणि कागद बाजूला पडतो. त्यापेक्षा समझोता करायचाच असेल तर कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात किंवा लोकन्यायालयात करावा. लोकन्यायालयातल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील नसते. खर्चही होत नाही.

जमातीने याहून सोपे एक काम करावे. मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळा असतात, जनाज्याची खबर असते. तिथेच एका कोपऱ्यात तालुका विधी सेवा समितीचा पत्ता आणि १५१०० हा नंबर लिहून ठेवावा. जुम्याच्या दिवशी दोन मिनिटे सांगावे की समन्स आले तर घाबरू नका, लपू नका, या पत्त्यावर जा. मोहल्ल्यातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाला, मुलीला विधी स्वयंसेवक म्हणून प्राधिकरणाकडे नाव द्यायला सांगावे. प्रशिक्षण प्राधिकरणच देते. यासाठी वर्गणी काढायची गरज नाही.

सरकारकडेही मागण्या आहेत. पोटगीच्या समन्सबरोबरच मोफत वकिलाची माहिती साध्या मराठीत छापून जावी, ठळक अक्षरात. समन्स वाचणाऱ्याला त्यातली भाषा कळत नाही, निदान एवढे तरी कळेल. विधी सेवा कार्यालय आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी उघडे असावे, म्हणजे मजुराचा खाडा होणार नाही. आणि ३ लाखांची मर्यादा थोडी सैल करावी. महिन्याला पंचवीस हजार म्हणजे आज शहरात रिक्षावाल्याचा संसारही धड चालत नाही. त्याच्यापेक्षा हजार रुपये जास्त कमावणाऱ्याला तुम्ही श्रीमंत कसे म्हणणार? निदान जिथे मुलांचा खर्च आणि मुलांची भेट हा प्रश्न आहे, तिथे तरी ही रेघ इतकी कडक नसावी.

आता त्या पोराचे पुढे काय झाले ते सांगतो. आम्ही दोघे विधी सेवा समितीत गेलो. एक तरुण वकीलबाई मिळाल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "या महिन्यात तुम्ही काही पाठवलंत का?" तो गप्प राहिला. त्या म्हणाल्या, "आधी जमेल तेवढे पाठवा, मग अर्ज करू." दरम्यान त्याच्या कारखान्यातले माग निम्म्यावर आले होते. परिस्थिती बदलली की रक्कमही बदलून मागता येते, जुन्या संहितेत कलम १२७, नव्या संहितेत १४६. तसा अर्ज झाला. पुढची पोटगी सहा हजारांवर आली. मागची थकबाकी माफ झाली नाही, होणारही नव्हती. ती महिन्याला दोन हजारांच्या हप्त्याने फिटते आहे. तो आता रविवारीही काम करतो. बायको परत आलेली नाही आणि बहुधा येणारही नाही.

भेटीचा अर्ज वेगळा झाला. महिन्यातून एका शनिवारी त्याला मुले भेटतात. पहिल्या भेटीला जाण्याआधी त्याने मला विचारले, "सर, मुलगी ओळखेल ना मला?" जवळजवळ दोन वर्षे झाली होती. तिने ओळखले, पण जवळ आली नाही. दुसऱ्या भेटीत जवळ बसली. तिसऱ्या वेळी तिने विचारले, "अब्बा, तुम्ही इतके दिवस आला का नाहीत?"

काय सांगणार होता तो? मामूने नको म्हटले होते, हे?